शाळा सुटल्यानंतर



आपल्या चिमूर तालुक्यातील शाळांची शेवटची घंटा झाली म्हणजे मुले दप्तर पाठीवर टाकून रस्त्याला लागतात. त्या वेळी आई धानाच्या बांधीत किंवा सोयाबीनच्या वावरात असते आणि वडील मजुरीवर असतात. मिरची तोडण्याच्या हंगामात तर कित्येक घरांतील आईबाप दोघेही तेलंगणात गेलेले असतात, आणि घरी राहते ती म्हातारी आजी. शाळा सुटल्यापासून चुलीवर भात चढेपर्यंतचा हा काळ कोणाच्याच हिशेबात धरलेला नाही. शाळा म्हणते, आमचे काम संपले. घर म्हणते, आमचे काम अजून सुरू व्हायचे आहे. दिवसभर जे ऐकले आणि जे सोसले ते मनात घेऊन मूल या मधल्या वेळात एकटे हिंडत असते. या वेळाचे आपण काय करणार, हा प्रश्न मी आज आपणांसमोर मांडीत आहे. तो मुलांच्या करमणुकीपुरता प्रश्न आहे असे कोणी समजू नये.

मी व्यवसायाने वकील आहे, म्हणून वकिलाच्या रीतीने प्रथम प्रकरण सांगतो. एका पंधरा वर्षांच्या बौद्ध मुलाने आपल्या वर्गातील दुसऱ्या मुलाच्या डोक्यात दगड घातला. जखमेला टाके पडले, पोलिसांत तक्रार गेली आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आले. त्या मुलाचे नाव, गाव व शाळा मी सांगणार नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ते प्रसिद्ध करता येत नाही, आणि असा कायदा नसता तरी मी ते केले नसते. त्याची आई माझ्याकडे आली. तिचे म्हणणे एवढेच होते, "साहेब, हा घरी बी काहीच बोलत नाही. दगड मारला इतकंच कबूल करते."

तीन भेटींत तो मुलगा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. चौथ्या भेटीत, बाहेर चहाच्या टपरीपाशी उभे असता, त्याने मान खाली घालून सांगितले. वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना मुलांची नावे मोठ्याने वाचली जात. ज्याचे नाव वाचले जाई त्याला मागच्या बाकांवरून 'आले सरकारचे जावई' असे म्हटले जाई. पुढे या मुलाचे तेच नाव पडले. हजेरीला, पाण्याच्या टाकीपाशी, कबड्डी खेळताना, सर्वत्र 'जावईबापू'. हे कित्येक महिने चालले होते. शिक्षकांना सांगितलेस का, असे मी विचारले. नाही. आईला? नाही. एखाद्या मित्राला? त्यावर तो म्हणाला, "सांगून काय सांगू?"

त्या रात्री मी पोलिसांची कागदपत्रे पुन्हा चाळली. जबाब होते, पंचनामा होता, वैद्यकीय दाखला होता. 'जावईबापू' हा शब्द मात्र एकाही पानावर नव्हता. दगडाची नोंद झाली होती. अपमानाची नोंद झाली नव्हती, कारण तो कोणी उच्चारलाच नव्हता.

बंधूंनो, आपल्या संरक्षणासाठी या देशात कायदे थोडे नाहीत. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९९० मध्ये संसदेने कायदा करून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातींचे संरक्षण दिले. परंतु यांतील प्रत्येक कायद्याच्या मुळाशी कोणीतरी उभे राहून 'माझ्यावर असे असे घडले' हे वाक्य बोलावे लागते. ते वाक्य बोलता येत नाही म्हणून बुडालेली प्रकरणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. घरी धडधडीत सांगणारा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला म्हणजे त्याचे ओठ चिकटतात. समोरचा वकील आवाज चढवितो आणि हा 'होय साहेब' म्हणून मोकळा होतो. त्याला भित्रा म्हणून चालणार नाही. लहानपणी कोणीही त्याला आपले दुःख नीट शब्दांत मांडावयास बसविले नव्हते, आणि मोठे झाल्यावर एका दुपारी ती विद्या येत नाही.

ही विद्या शिकविण्याची जागा कोणती? शाळेने ती शिकवावी हे खरे, आणि कायदाही तसे सांगतो. त्याकडे मी पुढे येतो. परंतु अपमान जेथे घडला तेथेच तो मोकळेपणाने सांगावा अशी अपेक्षा मुलाकडून करणे अन्यायाचे आहे. घरी सांगावे तर आई थकलेली असते, आणि सांगितलेच तर 'तू अभ्यासाकडे लक्ष दे' असे उत्तर मिळते. काही घरांत संध्याकाळी वडील कोणत्या स्थितीत येतील याचीच मुलांना धास्ती असते. आपल्या जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली व २०२१ मध्ये ती उठली. या दोन्ही काळांत त्या घरांतील मुलांच्या संध्याकाळी फारशा बदलल्या असे मला आढळले नाही. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, एवढेच येथे नोंदवितो आणि पुढे जातो.

उरतो तो आपला विहार. जेथे विहार नाही तेथे समाजमंदिर आहे. माझे आपणांस सांगणे असे की शाळा सुटल्यानंतर मुलांनी तेथे जमावे आणि त्या वेळात त्यांनी एकमेकांशी बोलावयास, ऐकावयास, आपला राग ओळखावयास, दुसऱ्याचे दुःख जाणावयास आणि भांडण मिटवावयास शिकावे. आजच्या शिक्षणशास्त्रात याला सामाजिक व भावनिक कौशल्ये म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू आपल्या घरची आहे.

हे ऐकून आपणांपैकी बहुतेक पालक जे म्हणतील ते मला आधीच ऐकू येत आहे. वकीलसाहेब, खेळ आणि गप्पा यांत वेळ घालवून काय होणार? मुलाला शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची आहे, नवोदयची द्यायची आहे. तो वेळ शिकवणीला द्यावा हे बरे. या म्हणण्यामागची तळमळ मी जाणतो. मीही अशाच घरातून आलो. परंतु बाबासाहेबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेकडे पाहा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असता शाळा सुटल्यावर बाल भीमराव मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक फिरावयास व वाचावयास येत. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिकवीत. भीमराव त्यांचे विद्यार्थी नव्हते. एकाग्रतेने वाचणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली आणि स्नेह धरला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढील शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता.

आता विचार करा. एल्फिन्स्टनच्या वर्गात भीमरावांच्या वाट्याला काय आले? फळ्यावर गणित सोडविण्यास त्यांना बोलाविले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुलांनी गोंधळ केला. बुद्धाचे चरित्र त्यांच्या हाती आले ते शाळेबाहेरच्या स्नेहातून, शाळा सुटल्यानंतरच्या वेळात ओळख झालेल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपूरला जे घडले त्याचा एक धागा त्या बागेतील बाकापर्यंत जातो. केळुसकरांनी त्या मुलाला गणित शिकविले नाही. त्यांनी त्याची विचारपूस केली. आपल्या गावात असा केळुसकर कोण आहे?

बाबासाहेबांनीही ही गोष्ट नशिबावर सोडली नाही. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे होती, तशीच वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग हीही होती. मुंबईत सभेच्या वतीने मोफत वाचनालय चाले आणि महार हॉकी क्लबही चाले. हॉकीचा क्लब! कोलंबिया आणि लंडन येथून विद्या घेऊन आलेला पुरुष चाळीतील पोरांच्या हातांत हॉकीची काठी देतो, ती कशासाठी? मुलांचा मोकळा वेळ जुगार व दारू यांनी गिळू नये यासाठी. रिकामा वेळ आपण भरला नाही तर तो दुसरा कोणी भरतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज पत्त्यांच्या जोडीला मोबाइल आला आहे, इतकाच फरक.

याहूनही मागे जाऊ. मज्झिम निकायात राहुलाला केलेला एक उपदेश आहे. राहुल म्हणजे भगवान बुद्धांचा पुत्र. परंपरा सांगते की तेव्हा तो सात वर्षांचा होता. एके दिवशी सायंकाळी ध्यानातून उठून भगवान त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले व पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुतल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, हे एवढेसे उरलेले पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याच्यातील श्रमणपण इतकेसेच असते. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी तोच अर्थ निराळ्या रीतीने मुलाच्या ध्यानी आणून दिला. शेवटी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कृत्य करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे, असे भगवंतांनी त्यास सांगितले: यात मला, दुसऱ्याला, किंवा दोघांनाही इजा होते का?

या संवादात छडी नाही, पाठांतर नाही, शाप नाही. हातातील भांडे आहे, प्रश्न आहे आणि उत्तर देण्यास मुलाला मिळालेला अवसर आहे. ज्या समाजाच्या पूर्वजांना पाण्याला हात लावू दिला नाही, त्या समाजाच्या मुलांना पाण्याच्या भांड्याने शिकविलेला हा पाठ आपण विहारात किती वेळा सांगितला? आपण मुलांना त्रिशरण व पंचशील शिकवितो. ते योग्यच आहे. परंतु चौथे शील पालीत खणखणीत म्हणणारे मूल शिक्षकाच्या भीतीने 'वर्गात काहीच झाले नाही' असे खोटे सांगत असेल, तर त्या शिलाचा अर्थ त्याला अजून भेटलेला नाही. दगड हातात असलेल्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाला 'करण्यापूर्वी पाहा' हे कोणी कधी करून दाखविले असते, तर मला वाटते, त्याचे प्रकरण माझ्याकडे आले नसते.

येथे आपल्यातील जुने कार्यकर्ते आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप पहिल्यापेक्षा अधिक गंभीर आहे. राग आवरा, शांत राहा, समजून घ्या, हेच तर आम्हांला शेकडो वर्षे शिकविण्यात आले. आमच्या मुलांना पुन्हा नमते घ्यावयास शिकविणार काय? आम्हांला स्वाभिमानी मुले पाहिजेत.

मलाही स्वाभिमानीच मुले पाहिजेत. म्हणून मी महाडकडे बोट दाखवितो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. प्रतिकारास सिद्ध असलेली माणसे बाबासाहेबांभोवती होती. त्या क्षणी त्यांनी त्यांना आवरले. त्यांनी अन्याय गिळला काय? हल्लेखोरांवर खटले झाले आणि त्यांतील काहींना शिक्षाही झाल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. तळ्याचा दिवाणी दावा दहा वर्षे लढविला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो आपल्या बाजूने निकालात काढला. त्या दुपारी महाडात दगडाला दगड पडला असता तर न्यायालयात कोण आरोपी झाले असते, हे सांगण्यास वकिलाची गरज नाही. राग विझवावा असे मी म्हणत नाही. राग दहा वर्षे जपून ठेवता यावा, त्याचा अर्ज करता यावा, त्याची सभा भरविता यावी, एवढी ताकद मुलांच्या अंगी यावी असे मी म्हणतो. ज्याला आपला राग ओळखता येत नाही त्याला ही लांब पल्ल्याची लढाई झेपत नाही. तो एक दगड मारतो आणि संपतो.

आपल्या विदर्भातील उदाहरण घ्या. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी डोक्यावर ओझी वाहून पोट भरता भरता शिक्षण घेतले आणि १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस नागपुरास अखिल भारतीय महिला परिषद भरली असता जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. सुधारलेल्या, शिकलेल्या बायकांच्या पंगतीत हे घडले. जाईबाई घरी जाऊन रडत बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी आपल्या स्त्रियांनी निषेधाची सभा भरविली. अपमान झाल्याबरोबर तो चारचौघींना सांगणे, आणि त्या चारचौघींनी तो आपला मानणे, ही जी शक्ती तेथे दिसली ती आपल्या मुलींत आहे काय? माझ्या अनुभवात मुली मुलांपेक्षा अधिक गप्प बसतात. शाळेच्या वाटेवर कोणी त्रास देतो हे मुलीने सांगितले तर घरचे पहिले काम म्हणून तिची शाळा बंद करतात. मग ती का सांगेल? विहारातील मेळाव्यात हे बोलणे निघाले, आणि पालकांनी तिची शाळा बंद करण्याऐवजी वाटेवर चार माणसे उभी केली, तर पुढची मुलगी आपोआप बोलेल.

आता मेळावा कसा चालावा याविषयी. मुले जमविली, एक चेंडू दिला आणि आपण पायरीवर विडी ओढीत बसलो, एवढ्याने काही होत नाही. हे मी माझ्या मनाने सांगत नाही. अमेरिकेत शाळेनंतरच्या अशा वर्गांच्या पुष्कळ पाहण्या एकत्र करून जोसेफ डर्लाक, रॉजर वाइसबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या वर्गांत शिकविण्याला क्रम होता, मुले स्वतः कृती करीत, या कामासाठी वेळ राखून ठेवलेला होता आणि कोणते कौशल्य शिकवायचे हे स्पष्ट ठरलेले होते, तेथील मुलांचा आत्मविश्वास, शाळेविषयीची ओढ, वागणूक आणि परीक्षेतील गुणही सुधारले. जेथे हे नव्हते तेथे लाभ दिसून आला नाही. शिकवणीचा आग्रह धरणाऱ्या पालकांनी गुणांची गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मन स्थिर नसलेल्या मुलापुढे पुस्तक उघडे असते, इतकेच.

आपल्याकडे त्याचे रूप साधे असावे. प्रारंभी वंदना, मग पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष. नंतर मुलांनी गोलात बसावे; रांगेत बसविले की शाळाच होते. प्रत्येकाने आज घडलेली एक गोष्ट सांगावी, बरी किंवा वाईट, आणि ती ऐकताना इतरांनी मध्ये बोलू नये, हसू नये. 'मला राग आला' आणि 'मला लाज वाटली' यांतील फरक मुलांना हळूहळू कळतो. पुष्कळदा ते ज्याला राग म्हणतात ती लाज असते. आठवड्यातून एकदा नाट्य करावे: एकाने शिक्षक व्हावे, एकाने तक्रार घेऊन जाणारा विद्यार्थी व्हावे, आणि तक्रार तोंडी कशी सांगावी, लेखी कशी द्यावी, पोच कशी मागावी याचा सराव करावा. पोच मागण्याचा सराव मोठ्यांनीही करावयास हरकत नाही. मग खेळ. खेळात भांडण झाले तर मोठ्यांनी निवाडा देऊ नये. दोन्ही बाजूंनी आपापले म्हणणे मांडावे आणि मुलांच्या पंचायतीने ते मिटवावे. विहाराच्या कमिटीतील आपणां मोठ्यांची भांडणे मुले खिडकीतून पाहत असतात, हे लक्षात घेता हा धडा त्यांनी आपल्याकडून न घेतलेला बरा.

हे चालविण्यास पगारी माणूस लागत नाही. नेरी, भिसी, शंकरपूर, खडसंगी अशा गावांत पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या आपल्या मुली आहेत. त्यांतील दोघी पुढे आल्या आणि गावाने त्यांना मान व थोडे मानधन दिले तर काम उभे राहते. सतरंजी, कंदील किंवा सौर दिवा, दोरी, चेंडू, वह्या, एवढे सामान पुरे. जयंतीला एका रात्रीच्या डीजेसाठी जी वर्गणी आपण गोळा करतो तीत हे वर्षभर चालेल. डीजेला माझा विरोध आहे असे नाही. विरोध आहेच, पण तो निराळा विषय आहे.

एक गोष्ट मात्र जंगलाच्या काठावर राहणाऱ्या आपणांस विसरता येत नाही. ताडोबा आपल्या शेजारी आहे आणि वाघाच्या हल्ल्यांत आपल्या जिल्ह्यात दरवर्षी माणसे मरतात. म्हणून मेळावा शाळा सुटल्याबरोबर सुरू व्हावा आणि अंधार पडण्यापूर्वी संपावा. हिवाळ्यात दिवस लहान असतो, तेव्हा घटकाभरच चालला तरी चालेल. टोल्यावर किंवा शेतावर राहणाऱ्या मुलांना मोठ्या माणसाने घरापर्यंत सोडावे. मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत मुले पहाटेपासून आईबापांबरोबर रानात जातात आणि दुपारी पेंगतात; त्या दिवसांत त्यांना गोष्ट सांगून निजू द्यावे. वाघाची भीती हीसुद्धा मेळाव्यात बोलण्याची गोष्ट आहे. ज्या घरातील माणूस गेला त्या घरातील मुलाशी कसे बोलावे हे आपल्या मुलांना कळत नाही, म्हणून ती त्याला टाळतात, आणि ते मूल दुहेरी एकटे पडते.

आणखी एक. विहाराचे दार गोंड, माना, ढिवर, कोणत्याही घरच्या मुलासाठी उघडे असावे. आपली मुले आपल्यातच वाढली आणि मैत्री हा शब्द फक्त मेत्ताभावनेत म्हणत राहिली तर तो शब्द पोकळ होईल. चिमूरच्या प्रत्येक मुलाला १६ ऑगस्ट १९४२ ठाऊक असतो, कारण त्या दिवशी या गावाने इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला आणि शाळेत त्याची आठवण दरवर्षी होते. १६ ऑक्टोबर १९५६ आपल्या मुलांना ठाऊक असतो आणि त्यांच्या बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या मुलाला नसतो. 'सरकारचे जावई' म्हणणाऱ्या मुलाला हे कोणी कधी सांगितलेच नाही. त्यानेही गोलात बसून ऐकावे आणि त्याचेही ऐकले जावे. त्याला तुरुंगात पाठवावे असे मला कधी वाटले नाही. तोही मूलच आहे.

शाळेला मात्र मी मोकळे सोडणार नाही. २००९ चा बालशिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. एकोणतिसाव्या कलमात मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि त्याला आपली मते मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, असे शिक्षणाचे सूत्रच घालून दिले आहे. दुर्बल व वंचित गटांतील मुलांशी भेदभाव होणार नाही हे पाहणे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. बत्तिसाव्या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास पाहिजे. एकविसाव्या कलमाप्रमाणे जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित गटांतील पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा असते. आपणांपैकी किती जण त्या समितीवर आहेत? जे आहेत त्यांनी पुढील सभेत एवढेच मागावे की शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी वर्गात नावे पुकारू नयेत. पालकांना बोलावून कार्यालयात अर्ज भरून घ्यावेत. यासाठी नवा निधी लागत नाही, शासननिर्णय लागत नाही.

त्या मुलाच्या प्रकरणात मी मंडळापुढे त्याची सगळी हकीकत त्याच्याच तोंडून मांडविली. त्यासाठी आम्ही माझ्या कार्यालयात दोन आठवडे सराव केला. मी एकदा मंडळाचा सदस्य होई, एकदा पोलीस होई आणि एकदा तो जखमी मुलगा होई. जखमी मुलगा झालो तेव्हा त्याने मला विचारले, "तुले लागलं होतं का रे?" हा प्रश्न सरावात ठरलेला नव्हता. मंडळापुढे त्याने 'जावईबापू' हा शब्द उच्चारला तेव्हा त्याचा आवाज कापला, पण वाक्य पुरे झाले. मंडळाने समुपदेशन सांगून त्याला आईच्या स्वाधीन केले. आता तो गावच्या समाजमंदिरात लहान मुलांची कबड्डी घेतो. जखमी झालेला मुलगाही तेथे येतो काय, असे मी परवा त्याच्या आईस विचारले. ती म्हणाली, "दोनदा आला होता साहेब. तिसऱ्यांदा याले म्हणते, पाहू."